लिहिता लिहिता झालेला भागाकार

२०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ भरली. या शहरातल्या माणसांचे हजार-हजारांचे गट केले तर किती गट होतील? शेवटचे तीन अंक बोटाने झाका. बोटाच्या डावीकडे ५०६ दिसतात, बोटाखाली ०९८ असतात. म्हणजे पाचशे सहा गट, आणि अठ्ठ्याण्णव माणसे उरली. शंभरांचे गट हवे असतील तर दोनच अंक झाका : ५,०६० गट, उरले ९८. दहांचे हवे असतील तर एकच झाका : ५०,६०९ गट, उरले ८.

आता हीच संख्या सातने भागून पाहा. कागद घ्यावा लागतो. पन्नासात सात किती वेळा, उरलेल्या एकावर पुढचा अंक उतरवा, पुन्हा सातचा पाढा, पुन्हा वजाबाकी. शेवटी ७२,२९९ येतात आणि बाकी ५ राहते. मधे कुठे चूक झाली तर सगळे पुन्हा करायचे. दहा, शंभर, हजार यांनी भागताना यातले काहीच करावे लागत नाही. पाढा नाही, वजाबाकी नाही, हातचा नाही.

हे इतके सोपे आहे की शाळेत आपण त्यावरून घाईघाईने पुढे जातो. मला मात्र अंकगणितातली ही सर्वांत नवलाची जागा वाटते. बोट ठेवताच उत्तर दिसते, कारण तो भागाकार आपण करतच नाही. ज्याने ५,०६,०९८ असे लिहिले त्याने लिहितानाच तो करून ठेवलेला असतो.

जरा थांबून बघू. अंबरनाथची त्याच जनगणनेतली लोकसंख्या २,५३,४७५. या आकड्यातला ४ म्हणजे चार माणसे नव्हेत, चारशे माणसे. त्याच्या शेजारचा ७ म्हणजे सत्तर, शेवटचा ५ म्हणजे खरोखरचे पाच. शाळेच्या पुस्तकातल्या ‘दर्शनी किंमत’ आणि ‘स्थानिक किंमत’ त्या याच. अंक तोच राहतो, त्याची किंमत तो कुठल्या घरात बसला आहे त्यावर ठरते. एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष : प्रत्येक घर उजवीकडच्या घराच्या दहापट. त्यामुळे सगळ्या अंकांनी एकाच वेळी एक घर उजवीकडे सरकायचे ठरवले तर प्रत्येकाची किंमत एकदमच दहाव्या हिश्शावर येते. दोन लाखांचे वीस हजार होतात, पन्नास हजारांचे पाच हजार, चारशेचे चाळीस. एककातल्या पाचांना उजवीकडे घर नसते, म्हणून ते बाहेर पडतात. बाहेर पडले ती बाकी. २५,३४७ आणि बाकी ५.

असंख्य मुलांना हे ‘शून्य उडवा’ या सूत्रात शिकवले जाते. ४,७०० भागिले १०० म्हणजे दोन शून्ये खोडा, उत्तर ४७. उत्तर बरोबर आहे, पण या सूत्राने गणिताचे सौंदर्य तर झाकले जातेच, शिवाय मूल पुढे फसते. ४,०७० भागिले १०० दिले की दोन शून्ये दिसतात, दोन्ही उडवली जातात आणि ४७ लिहिले जातात. खरे उत्तर ४० आणि बाकी ७०. शून्य उडवायचे नसते, अंक सरकवायचे असतात. त्यातले मधले शून्य तर हलवता येते पण टाकता येत नाही, कारण ते घर रिकामे असल्याची नोंद आहे. उल्हासनगरच्या आकड्यात अशी दोन शून्ये आहेत. बोलताना ती ऐकूही येत नाहीत : पाच लाख सहा हजार अठ्ठ्याण्णव. लिहिताना पहिले शून्य गळाले तर शहर छप्पन्न हजार अठ्ठ्याण्णवांचे होते आणि साडेचार लाख माणसे कागदावरून नाहीशी होतात.

आपण आकड्यात स्वल्पविराम कुठे देतो तेही पाहण्यासारखे आहे. उजवीकडून पहिला हजारावर, दुसरा लाखावर, तिसरा कोटीवर. बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६ लिहिली की पहिल्या स्वल्पविरामाच्या डावीकडे किती हजार आहेत ते दिसते, दुसऱ्याच्या डावीकडे किती लाख. प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे तयार भागाकाराची खूण.

हा भागाकार स्वतःहून करत राहणारे यंत्र घराघरांत असते : पाण्याचा मीटर. बहुतेक यांत्रिक मीटरवर डावीकडचे अंक काळे असतात आणि उजवीकडचे लाल. लाल अंक लिटर सांगतात, काळे किलोलिटर, म्हणजे हजार लिटरांचे गठ्ठे. बिल किलोलिटरवर निघते, म्हणून वाचन घेणारा फक्त काळे अंक टिपतो. त्याने हजाराने भागले आणि बाकी सोडून दिली, आणि त्यासाठी त्याला रंग ओळखण्यापलीकडे काही करावे लागले नाही. सोडलेली बाकी वाया जात नाही. ती मीटरमध्येच राहते आणि पुढच्या वाचनात येते.

मीटरच्या आतली रचना याहून सुंदर आहे. उजवीकडचे चाक शून्यापासून नऊपर्यंत फिरते आणि पुन्हा शून्यावर येताना शेजारच्या चाकाला एक अंक पुढे ढकलते. ते चाक दहा वेळा ढकलले गेले की ते तिसऱ्याला एकदा ढकलते. म्हणजे दुसऱ्या चाकापासून डावीकडे वाचले तर आतापर्यंत किती वेळा दहा झाले ते कळते, तिसऱ्यापासून वाचले तर किती वेळा शंभर झाले. नळ चालू असेपर्यंत हे यंत्र दहाने, शंभराने, हजाराने एकाच वेळी भागत असते. बारवी धरणाच्या बातम्यांत ‘दशलक्ष लिटर’ वाचतो तेव्हा सहा घरे उजवीकडची झाकलेली असतात, एवढाच फरक.

संख्या अशीच लिहायची असते असे आज वाटते, पण ती नेहमी अशी लिहिली जात नव्हती. याचा पुरावा आपल्या याच टापूत दगडावर कोरलेला आहे.

कल्याण बंदरातून मुरबाडमार्गे जुन्नरकडे चढणारी जुनी व्यापारी वाट नाणेघाटातून जाते. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती नोंद आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि त्यांचे आकडे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा भारतीय अंकांचा जुना इतिहास जगापुढे आला. त्या लेखात दहाची खूण वेगळी, विसाची वेगळी, ऐंशीची वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. चारशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला. तिथे शून्य नाही आणि त्याची गरजही नाही, कारण कुठलेच घर रिकामे राहत नाही. घरेच नाहीत.

अशा लेखनात दहाने भागायचे म्हणजे प्रत्येक खूण पुसून दुसरी काढायची. रोमन अंकांतही तसेच. तीस म्हणजे ‘एक्स’ तीनदा आणि तीन म्हणजे ‘आय’ तीनदा, सारी अक्षरे बदलली. जोडाजोड करून उत्तर मिळते, पण तीसमध्येच तीन दडलेले आहेत हे डोळ्याला दिसत नाही. नाणेघाटातला हिशेब लिहिणारा आपल्याहून कमी हुशार नव्हता. त्याच्या लेखनपद्धतीत भागाकार आधी होऊन बसत नव्हता, इतकेच.

त्यानंतर सुमारे अकराशे वर्षांनी, त्याच कल्याणच्या परिसरात, वालधुनीकाठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातल्या तिथल्या शिलालेखात शक वर्ष आकड्यांत कोरले आहे : ९८२. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०६० मिळते. तीनच खुणा, आणि शंभराची किंवा दहाची वेगळी खूण कुठेही नाही. ९ डावीकडून पहिला आहे म्हणून नऊशे, ८ मधे आहे म्हणून ऐंशी. कारागिराला दोन बोटे जागा पुरली. मधल्या काळात भारतात काय घडले ते या दोन दगडांत वाचता येते. आर्यभटाने ४९९च्या सुमारास सांगून ठेवले होते की प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट असते. ब्रह्मगुप्ताने ६२८मध्ये शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची त्याचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासकट आहे. अंबरनाथच्या कारागिराच्या छिन्नीपर्यंत ही रीत पोचली तेव्हा ती नवी राहिली नव्हती. युरोपला मात्र तिची नीट ओळख करून देणारे फिबोनाचीचे पुस्तक १२०२मध्ये आले, म्हणजे मंदिराच्या लेखानंतर १४२ वर्षांनी.

याच लेखाच्या सुरुवातीच्या एका वाचनात ९८२ऐवजी ७८२ वाचले गेले होते. झिजलेल्या दगडावर नऊ आणि सात यांचा गोंधळ झाला. अंकांत फरक दोनाचा, पण तो अंक शतकाच्या घरात बसलेला, म्हणून देऊळ एकदम दोनशे वर्षांनी जुने झाले. हाच गोंधळ एककाच्या घरात झाला असता तर दोनच वर्षांचा फरक पडला असता आणि कोणाला विशेष काही वाटले नसते. पुढे वाचन दुरुस्त झाले.

गणित शिकवण्याच्या दृष्टीने या परंपरेचे महाराष्ट्रातले मोठे नाव म्हणजे भास्कराचार्य. ११५०च्या सुमाराच्या ‘लीलावती’त त्यांनी एक, दश, शत, सहस्र यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, प्रत्येक मागच्याच्या दहापट. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे. लाख आणि कोटी आपण बोलताना सहज वापरतो ते या यादीतलेच.

मग प्रश्न पडतो : दहाची स्थाने इतकी मुरलेली असताना आपला रुपया सोळा आण्यांचा कसा होता?

उल्हासनगर वसले ते आण्यांच्या काळात. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीला उल्हासनगर नाव मिळाले. कॅम्पांचे क्रमांक आजही पत्त्यांत आहेत. तिथे पहिली दुकाने उघडली तेव्हा रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. अशा नाण्यांत ३७ रुपये ९ आणे दहा जणांत वाटायचे झाले तर काय करावे लागे? ३७ला दहाने भागून ३, उरले ७ रुपये. सातांचे ११२ आणे, त्यात ९ मिळवून १२१. त्यांना दहाने भागून १२, उरला १ आणा. त्याच्या १२ पै, प्रत्येकी एक पै, उरल्या दोन. उत्तर : ३ रुपये १२ आणे १ पै. नव्या पैशांत तीच रक्कम सुमारे ३७.५६ रुपये. अंक एक घर सरकवले की ३.७५६, म्हणजे प्रत्येकी ३ रुपये ७५ पैसे आणि एकूण ६ पैसे शिल्लक.

म्हणून जुनी पद्धत वेडगळ होती असे कोणी म्हणू नये. तिचीही स्वतःची सरकपट्टी होती, फक्त सोळाची. ३७ रुपये सोळा जणांत वाटायचे आहेत? प्रत्येकी ३७ आणे. झाला भागाकार! रुपयांच्या घरातला आकडा आण्यांच्या घरात गेला. वस्तूंचे अर्धे, पाव, अर्धपाव करायचे असतील तर सोळा हा दहापेक्षा गुणी आकडा, कारण तो चार वेळा निम्मा होतो. दहा एकदा निम्मा झाला की पाचावर अडतो. म्हणून तर पूर्वीच्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ करावी लागत. त्यांतल्या अडीचकीचे महत्त्व एका हिशेबात दिसते : मणाचा जितके रुपये भाव, तितक्या आण्यांना अडीच शेर. मणाचे शेर ४०, रुपयाचे आणे १६, आणि चाळीसला सोळाने भागले की अडीच. ज्वारी मणाला १४ रुपये असेल तर १४ आण्यांना अडीच शेर, कागद न घेता. दहाने भागण्याच्या युक्तीचे हे सख्खे भावंड आहे आणि ते विसरले गेले याचे मला वाईट वाटते. अडचण एवढीच होती की अशी युक्ती प्रत्येक मापाला वेगळी लागे आणि मापही गावोगाव बदले. सरकारी मण सुमारे ३७.३ किलोचा, तर जुना मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलोचा.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचे नाणे नसते, म्हणून अधिकृत तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीनला १९ आणि चारला २५ पैसे धरले गेले. पुढच्या वर्षीपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. आर्यभटाच्या दहापट स्थानांना नाणी आणि वजने येऊन मिळाली आणि एकच युक्ती पैशांना, ग्रॅमला, लिटरला, मीटरला सगळीकडे चालू लागली. ३७ रुपये शंभर जणांत म्हणजे प्रत्येकी ३७ पैसे. १९६४मध्ये ‘नवे’ हा शब्दही गळाला.

म्हणजे जादू दहाच्या आकड्यात नाही. ती, आपण ज्या आकड्यावर घर बदलतो त्या आकड्यात आहे. अंबरनाथला विमको नाका अजून विमकोच्या काडेपेट्यांच्या कारखान्याचे नाव सांगतो. काडेपेट्या डझनात आणि ग्रोसमध्ये मोजल्या जात, १४४ पेट्यांचा एक ग्रोस. आपण बारा अंक वापरून बारावर घर बदलत असतो तर १४४ हा आकडा १०० असा लिहिला असता आणि ग्रोसने भागण्यासाठी दोन अंक झाकणे पुरले असते.

बाकीचे काय, हा प्रश्न मात्र बराच काळ अर्धवट राहिला. एककाच्या उजवीकडे घर नाही म्हणून ५ बाहेर पडले, असे वर म्हटले. पण घर का नसावे? फ्लँडर्समधल्या सायमन स्टेव्हिनने १५८५मध्ये एक छोटी पुस्तिका काढली आणि दाखवले की एककाच्या पलीकडेही दहाव्या, शंभराव्या, हजाराव्या हिश्शांची घरे तशीच पुढे नेता येतात. मग बाहेर कोणी पडतच नाही. ५,०६,०९८ला लाखाने भागले की ५.०६०९८ लाख. सगळे अंक शाबूत, क्रम शाबूत, फक्त दशांशचिन्ह कुठे आहे ते बदलले. नाणी आणि मापेही दशमान करावीत असे त्याने त्याच पुस्तिकेत सुचवले होते. आपल्याकडे ते ३७२ वर्षांनी झाले.

आता एक गंमत पाहा. आपल्याला फुकट मिळणारा हा भागाकार संगणकाला मात्र कष्टाने करावा लागतो. तो दोनावर घर बदलतो, त्याच्याकडे ० आणि १ एवढेच अंक. दोन, चार, आठ, सोळा यांनी भागायला त्याला क्षणही लागत नाही, तो अंक उजवीकडे सरकवतो. दहा त्याच्यासाठी तितकाच आडमुठा, जितका सात आपल्यासाठी. फलाटावरच्या इंडिकेटरला ‘२३ मिनिटे’ दाखवायची असतील तर यंत्राच्या पोटात ती संख्या १०१११ अशी असते आणि त्यात २ कुठेच दिसत नाही, ३ही नाही. ते काढण्यासाठी यंत्राला खरोखर दहाने भागावे लागते : भागाकार २, तो दशकाच्या घरात, बाकी ३, ती एककाच्या. तीन अंकी गाडी क्रमांक असेल तर दोनदा भागायचे, पाच अंकी असेल तर चारदा. फोनवरची वेळ, तिकिटाची रक्कम, बॅटरीची टक्केवारी, प्रत्येक आकडा पडद्यावर येण्याआधी यंत्र हेच करते, आणि आपण तो वाचतो तेव्हा दहाचा, शंभराचा, हजाराचा भागाकार त्याने आपल्यासाठी आधीच करून ठेवलेला असतो.